तोडा, चकमक आणि टोपी : जुन्या बंदुकांची मधली रूपे

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या जुन्या वाड्यांत अजूनही कुठे कुठे माजघराच्या भिंतीवर, दोन खुंट्यांना आडवी टेकवलेली लांब नळीची बंदूक पाहायला मिळते. घरातली वडीलधारी मंडळी सांगतात, “ही शिवकाळातली. आमच्या पूर्वजांनी शिवनेरीवर वापरलेली.” शहरातून आलेला एखादा पाहुणा ती हातात घेतो, घोड्याखालची टोपीची खुंटी पाहतो आणि म्हणतो, “छे हो, ही तर इंग्रजी अमदानीतली. शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडची नाही.” घरचे हिरमुसतात. पुढच्या खेपेला भंगारवाला येतो तेव्हा बंदूक त्याच्या गाडीवर जाते.

या भांडणात पुष्कळदा दोघेही निम्मे खरे असतात. नळी जुनी असते, कळ नवी असते. कुंदा तिसऱ्याच काळातला असतो. माणसाने जुना सदरा उसवून पुन्हा शिवावा तशी ती बंदूक दोनदा-तीनदा बदललेली असते. अशा बदललेल्या, धड या काळातल्या नाहीत आणि धड त्या काळातल्या नाहीत अशा हत्यारांना संग्राहक संक्रमणकालीन रूपे म्हणतात. आपण सोपेपणासाठी त्यांना मधली रूपे म्हणू. ती कशी ओळखायची, आणि ओळखल्यावर काय करायचे व काय करायचे नाही, हा आजचा विषय आहे.

आधी बंदूक उडते कशी ते पाहू. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू घालतात, वर गोळी आणि चिंधी घालून गजाने ठासतात. नळीच्या बुडाशी बाजूला एक बारीक भोक असते. त्याला ‘कान’ म्हणतात. तोफेच्या कानात खिळा मारून ती निकामी केली असे आपण बखरींतून वाचतो, तोच हा कान. या कानातून ठिणगी आत गेली की बार उडतो. साडेतीनशे-चारशे वर्षे सारी खटपट होती ती एवढ्यासाठी, की ही ठिणगी हव्या त्या क्षणी कानापर्यंत पोचवायची कशी.

पहिला उपाय तोड्याचा. तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवून वाळवलेली, हळूहळू जळत राहणारी सुताची दोरी. तिला जामगी असेही म्हणत. कानाजवळ एक लहानशी वाटी असे, तिच्यात बारीक दारू घालत. ही दारू म्हणजे रंजक. कुंद्याच्या चिरेतून वर आलेल्या लोखंडी आकड्यात पेटता तोडा धरलेला असे. चाप दाबला की आकडा पुढे झुकून तोडा रंजकात टेकवी. १६५७ साली शिवाजी महाराजांनी रात्री तटाला शिड्या लावून जुन्नर शहर लुटले, त्या काळात आपल्याकडे हातातली बंदूक म्हणजे सर्वसाधारणपणे ही तोड्याचीच. रात्रीच्या छाप्याला ती अडचणीची. अंधारात जळत्या तोड्याचा लाल ठिपका लांबून दिसतो, आणि आहुपे-भीमाशंकराकडच्या आषाढात तोडा पेटता ठेवणे हे तर दिव्यच.

दुसरा उपाय चकमकीचा. चकमक आपल्या धनगरांना, गुराख्यांना नव्याने सांगायला नको. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा धरायचा. चाप ओढला की तो पोलादाच्या उभ्या पट्टीवर घासतो, पट्टी मागे पडते, रंजकाची वाटी उघडी होते आणि ठिणग्या तिच्यात पडतात. युरोपातल्या फौजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीला आणि अठराव्याच्या आरंभी तोडा टाकून चकमक घेतली. आपल्याकडे मात्र तोडा आणि चकमक शंभर वर्षे शेजारी शेजारी नांदले. याला अडाणीपणा म्हणण्याची चाल आहे. मला ती पटत नाही. चकमकीच्या कळीला उत्तम पोलादाची कमान लागते, चांगली गार लागते, आणि कमान मोडली तर ती बनवणारा कारागीर लागतो. तोड्याची कळ गावचा लोहार दोन घटकांत नीट करतो. ज्या शिपायाला स्वतःचे हत्यार स्वतः सांभाळायचे आहे त्याने तोडा धरून ठेवला तर त्यात व्यवहारच होता. महादजी शिंद्यांना कवायती पलटणी उभ्या करायच्या होत्या तेव्हा त्यांनी चकमकीच्या बंदुकांचा कारखानाच घातला. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली त्या बंदुका तयार होत, आणि एकीला खर्च येई सुमारे दहा रुपये.

तिसरा उपाय टोपीचा. याची कथा गमतीची आहे. अलेक्झांडर फोर्साइथ हा स्कॉटलंडमधला एक पाद्री. त्याला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद. रंजक पेटल्याचा लखलखाट दिसताच, गोळी सुटण्याच्या आत पक्षी उडून जात. म्हणून त्याने ठोका बसताच पेटणारी दारू बंदुकीला लावली आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे ती दारू तांब्याच्या लहानशा टोपीत भरू लागले. कानाच्या जागी एक पोकळ खुंटी, तिच्यावर टोपी, आणि टोपीवर घोड्याचा ठोका. पावसाची भीती गेली, वाऱ्याची गेली. इंग्रजी फौजेने १८४०च्या आसपास टोपी स्वीकारली आणि कंपनी सरकारच्या फौजेतही ती आली. आपल्याकडे शेतराखणीसाठी जी ठासणीची बंदूक अगदी अलीकडेपर्यंत दिसे, ती बहुधा या टोपीचीच.

आता मुख्य मुद्दा. टोपी आली म्हणून घरात असलेली चांगली बंदूक कोण फेकून देणार? सरकारने फेकली नाही, शेतकऱ्यानेही फेकली नाही. तिला टोपी बसवून घेतली. कळ बदलली की काम भागले. अशा रीतीने मधली रूपे जन्माला आली, आणि ती कारखान्यात जन्मली तशीच लोहाराच्या भात्यापाशीही जन्मली.

आपल्या भागात बंदुका कोठून आल्या हेही थोडे पाहायला हवे. १८१८ साली पेशवाई गेली. त्याच वर्षी मेजर एल्ड्रिजच्या तुकडीने चावंड आणि भोवतालचे किल्ले घेतले. किल्ल्यांवरच्या शिबंदीला घरी पाठवण्यात आले. १८५७ साली कॅप्टन नटॉल याने सह्याद्रीच्या माथ्यावरील महादेव कोळ्यांची एक पलटण उभी केली, ती १८६१ साली मोडली. त्या पलटणीच्या शिपायांना हलकी, संगीन लागणारी बंदूक दिलेली असे. पुढे १८७३ ते १८७६ या वर्षांत जांभोरीच्या होन्या केंगल्याने सावकारांविरुद्ध बंड केले, त्याचा वावर याच डोंगरांत. आणि मग १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. तेव्हापासून परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईनाशी झाली. म्हणजे देशी तोड्याची नळी, कंपनीची कळ आणि परवान्याच्या काळातली डागडुजी ही तिन्ही एकाच बंदुकीत भेटू शकतात, हे ध्यानात ठेवावे.

ओळखण्याची सुरुवात करावी ती कळीच्या पट्टीपासून. घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसवलेला असतो ती ही पट्टी. उजेड तिरपा पडेल अशी बंदूक धरा. चकमकीच्या कळीवर रंजकाची वाटी, पोलादाची उभी पट्टी आणि तिची कमान असे सामान असते, आणि ते सारे स्क्रूंनी बसवलेले असते. टोपी लावताना हे सामान निघाले, पण त्याची भोके राहिली. कारागिराने ती बुजवली असतील, घासून सपाट केली असतील, तरी तिरप्या उजेडात बुजवलेल्या भोकाचे वर्तुळ कडेने वेगळे दिसते. पट्टीच्या वरच्या काठाला वाटी बसण्यासाठी अर्धचंद्रासारखी खाच असे, ती तर लपतच नाही. मुळात टोपीची म्हणूनच घडवलेली पट्टी या ठिकाणी सरळ आणि अखंड असते. एवढी एक खूण ओळखता आली तरी निम्मे काम झाले.

मग नळीकडे वळावे. कानाच्या जागी आटे पाडून एक आडवे नळकांडे बसवले आहे का? त्या नळकांड्यावर टोपीची खुंटी उभी आहे का? असेल तर हा स्वस्तातला, गावठी म्हटला तरी चालेल असा बदल. जिथे कान बुजवून नळीच्या पाठीवरच खुंटी बसवली आहे तिथे काम अधिक जाणत्या हाताचे. देशी तोड्याच्या नळीची आणखी एक ओळख आहे. ती कुंद्याला चामड्याच्या वाद्यांनी, तारेने किंवा धातूच्या पट्ट्यांनी बांधलेली असे. युरोपीय नळीच्या बुडाला मागे एक जीभ असते आणि ती वरून स्क्रूने कुंद्यात आवळलेली असते. देशी घडणीची, तोंडाशी फुगीर, नक्षीची नळी आणि तिला मागून जोडलेली स्क्रूची जीभ दिसली, की समजावे, नळीने घर बदलले आहे.

लाकूडही बोलते. तोड्याच्या बंदुकीत आकडा कुंद्याच्या मधल्या चिरेतून वर येई. टोपी बसवल्यावर ती चीर नकोशी होते, मग तिच्यात लाकडाची चीप ठोकून वरून लाख किंवा पितळी पत्रा बसवतात. घोडनदीकाठच्या एका वाड्यात मी पाहिलेल्या बंदुकीत ही चीप सागाची होती आणि कुंदा शिसवाचा. घरच्यांना वाटत होते की कुंदा तडकला म्हणून डागडुजी केली असेल. चीप नेमकी चिरेएवढी, सरळ काठांची होती. तडा कधी इतका सरळ जात नाही. पितळी पत्र्यावर बारीक वेलबुट्टी काढलेली होती, म्हणजे बदल करणाऱ्याने तो लपवायचा म्हणून केला नव्हता, हौसेने केला होता.

शिक्के वाचताना घाई करू नये. कंपनी सरकारच्या बंदुकांवर पूर्वी हृदयाच्या आकाराचे, चार घरे पाडलेले चिन्ह आणि त्यांत इंग्रजी अक्षरे असत. १८०८ पासून त्याऐवजी मुकुट धरून उभा असलेला सिंह आला. म्हणजे हृदय दिसले तर कळ पेशवाईतली, सिंह दिसला तर पेशवाईच्या अखेरची किंवा नंतरची. पण शिक्का असतो कळीवर, हे विसरू नये. तो कळीचे वय सांगतो. नळीचे वय नळीला विचारावे, कुंद्याचे कुंद्याला.

एक उदाहरण असे आहे की जाणकारही तिथे थबकतात. १८५३ साली इंग्रजांनी एन्फील्डची रायफल काढली. रायफल म्हणजे जिच्या नळीत आतून पीळदार चर असतात अशी बंदूक. चरांमुळे गोळी फिरत जाते आणि लांबवर अचूक लागते. याच रायफलच्या काडतुसावरून १८५७ चा भडका उडाला हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. त्यानंतर इंग्रजांनी ठरवले की देशी शिपायांच्या हाती रायफल द्यायची नाही. म्हणून १८५८ पासून त्याच घाटाची, पण नळी आतून गुळगुळीत असलेली बंदूक त्यांना दिली. बाहेरून पाहिले तर एन्फील्ड, आत बोट घातले तर चर नाहीत. मागची निशाणपट्टीही वरखाली होणारी नाही, कायमची. सरकारचा अविश्वास लोखंडात कोरून ठेवला आहे असे ही बंदूक पाहताना वाटते. इतिहासाच्या शिक्षकाला वर्गात दाखवायला याहून चांगला पुरावा कोणता मिळणार! पुढे १८६६ पासून याच एन्फील्ड रायफलची नळी मागून कापून तिला बिजागरीचे झाकण बसवले आणि ठासणी जाऊन काडतूस आले. तिचे नाव स्नायडर. तीही मधलेच रूप, फक्त सरकारी कारखान्यातले.

येथवर बंदुकांचे झाले. पिस्तुलांतही हेच घडले, आणि जगभरचे संग्राहक आज ज्या मधल्या रूपांमागे धावतात ती बरीचशी पिस्तुलांचीच आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी स्वयंभर पिस्तूल आले. एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत सरकते. चाप मात्र दर वेळी ओढावा लागतो, म्हणून त्याला अर्धस्वयंचलित म्हणतात. जर्मनीत बोर्शार्टचे पिस्तूल १८९३ सालचे. ते अवजड, बेढब. त्याच कल्पनेवर लुगरने सुटसुटीत पिस्तूल तयार केले आणि १९०० साली ते स्विस फौजेने घेतले. या दोन सालांच्या मध्ये चाचणीसाठी जी थोडी पिस्तुले झाली, ती धड बोर्शार्टची नाहीत आणि धड लुगरची नाहीत. अमेरिकेतल्या कोल्ट कारखान्याने १९२४ साली फौजेसाठी १०,००० पिस्तुले केली, क्रमांक ७,००,००१ पासून ७,१०,००० पर्यंत. त्यांत आखूड चाप, मुठीचा मागचा फुगवटा असे सारे नवे बदल आहेत, पण त्या बदलांना नवे नाव मिळाले १९२६ साली. म्हणून अंगावर जुने नाव आणि घडण नवी अशी ती पिस्तुले आहेत. पाहणाऱ्याने अंगावरचे नाव वाचून थांबू नये, क्रमांक आणि घडण ताडून पाहावी.

महाराष्ट्राच्या इतिहासातही एक पिस्तूल असेच सालाच्या उंबरठ्यावरचे आहे. १९०९ च्या आरंभी सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर, पेटीच्या चोरकप्प्यातून, २० ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठवली. त्या वर्षीच्या २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याच्यावर ब्राउनिंग पिस्तूलच झाडले. बेल्जियममधल्या हेर्स्टालच्या कारखान्यात ब्राउनिंगचे हे पिस्तूल १८९९ साली निघाले आणि लगेच १९०० साली सुधारले गेले. नळी सुमारे दोन सेंटिमीटरने आखूड झाली आणि दोरी अडकवायची कडी आली. त्याच्या खटक्यापाशी ‘आग’ आणि ‘सुरक्षित’ या अर्थाचे फ्रेंच शब्द असतात. त्या पिस्तुलासाठी काढलेले ७.६५ मिलिमीटरचे काडतूस आजही चालते. आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या ‘बत्तीस बोअर’ पिस्तुलाचे काडतूस ते हेच.

हे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण आहे. एखाद्या जुन्या ब्राउनिंगकडे बोट दाखवून “हे त्या वीसांतलेच” असे कोणी सांगू लागला तर ऐकणाऱ्याचे हात आपोआप जोडले जातात. जोडावेत, पण डोळे उघडे ठेवून. हेर्स्टालच्या कारखान्यातून तसली पिस्तुले लाखांनी बाहेर पडली. न्यायालयाच्या कागदातला क्रमांक आणि पिस्तुलावरचा क्रमांक जुळत नाही तोवर ती ऐकीव गोष्ट. भावनेची किंमत वाढली की खोटे हत्यार बाजारात येते, हा नियम जुन्या नाण्यांना लागू आहे तसाच इथेही आहे.

ठासणीच्या बंदुकीत खोटेपणा कसा करतात तेही सांगतो. चकमकीच्या बंदुकीला टोपीच्या बंदुकीपेक्षा संग्राहकांत भाव जास्त. त्यामुळे काही व्यापारी टोपी काढून टाकून पुन्हा चकमक बसवतात. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराचा खरा बदल पुसायचा आणि आजचा खोटा जुनेपणा आणायचा. टोपीच्या दारूने आजूबाजूचे लोखंड पोखरले जाते, लहान लहान खड्डे पडतात. नळीच्या बुडाशी असे खड्डे आहेत आणि शेजारची रंजकाची वाटी मात्र गुळगुळीत आहे, असे दिसले तर वाटी कालची समजावी. कानाचे भोक अगदी गोल, स्वच्छ असेल तर तेही संशयास्पद, कारण वापरातला कान जळून जळून विस्कटलेला असतो. शिक्क्यांतही अशीच लबाडी चालते. ‘टॉवर’ या इंग्रजी शब्दाची अक्षरे उलटसुलट, मुकुट वाकडा, असे शिक्के सरहद्दीकडच्या नकला बनवणाऱ्या कारागिरांनी पुष्कळ मारले आहेत.

माझे स्वतःचे मत असे, की लोहाराने प्रामाणिकपणे बदललेली बंदूक ही व्यापाऱ्याने ‘मूळ स्थितीत’ आणलेल्या बंदुकीपेक्षा कितीतरी मोलाची. पहिलीत एका घराण्याच्या तीन पिढ्या आहेत. दुसरीत फक्त विक्रीची पावती आहे.

आता एक गोष्ट जिवाची. भिंतीवरची बंदूक रिकामीच असते असे कोणी धरून चालू नये. ठासणीच्या बंदुकीत बार भरून ठेवण्याची पूर्वी रीत होती, आणि ज्याने भरला तो माणूस कोणाला न सांगता गेला असेल. काळी दारू नळीत कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहते. जाणकार माणूस गज तोंडातून आत सोडतो, तोंडाशी खूण करतो आणि मग तोच गज बाहेरून नळीवर धरतो. खूण तोंडाशी ठेवली असता गजाचे टोक कानापर्यंत पोचत असेल तर नळी रिकामी, अलीकडेच राहत असेल तर आत काहीतरी ठासलेले आहे. हे काम तुम्ही करू नका. ते परवानाधारक बंदूक दुरुस्त करणाऱ्याचे किंवा पोलिसांच्या शस्त्रागारातल्या माणसाचे आहे. घोडा ओढून पाहू नका, आणि कोणालाही ओढू देऊ नका. सर्वांत वाईट म्हणजे जुनी नळी पहारीसाठी नाहीतर पाइपासाठी म्हणून लोहाराच्या भट्टीत घालणे. आत बार असेल तर भट्टी हीच तोड्याचे काम करते.

दसऱ्याला आपण शस्त्रपूजा करतो, ती जरूर करावी. पण हळदकुंकू, लिंबाचा रस आणि पाणी लोखंडावर तसेच ठेवू नये. त्याच्याखाली गंज धरतो, आणि गंज सर्वांत आधी खातो ते शिक्के. पूजा समोर पाटावर करावी, बंदुकीला फूल वाहावे, आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या मऊ कापडाने पुसून किंचित तेलाचा हात द्यावा. वाळूने, विटेच्या भुकटीने किंवा काचकागदाने घासून चकचकीत केलेली बंदूक मी पाहतो तेव्हा कोणीतरी दस्तऐवजावरची शाई धुऊन कागद पांढरा केला असे वाटते. बुजवलेली भोके, खाचा, शिक्के, सारे त्या चकाकीत जाते.

कायद्याचेही ऐकून ठेवा. सध्या लागू असलेला हत्यारांचा कायदा १९५९ चा. त्याच्या ४५व्या कलमात, जुनाट घडणीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके हत्यार दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून चालण्याजोगे नसेल, तर त्याला हा कायदा लागत नाही असे म्हटले आहे. मात्र ते चालण्याजोगे आहे की नाही हे आपणच घरी ठरवायचे नसते. टोपीची ठासणीची बंदूक बहुधा चालण्याजोगीच असते. पिकांच्या राखणीसाठी तिचा परवाना देण्याची तरतूद याच कायद्याच्या १३व्या कलमात आहे. परवाना आजोबांच्या नावावर होता, आजोबा गेले, बंदूक भिंतीवरच राहिली, अशी उदाहरणे थोडी नाहीत. कायदेशीर ताबा संपला की हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे २१वे कलम सांगते. जमा केल्याने मालकी लगेच जात नाही, वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. भीतीपोटी बंदूक विहिरीत टाकणे किंवा शेतात पुरणे यातून मात्र गुन्हाही होतो आणि इतिहासही बुडतो. शिवाय १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. ती खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करायला वेगळा परवाना लागतो. गावोगाव फिरून “जुने काही आहे का” विचारणाऱ्या अनोळखी माणसाला हे दोन कायदे तोंडावर सांगितले की तो सहसा दुसरे गाव धरतो. गडावर किंवा नांगरताना शेतात नळी, गोळे, कळीचे तुकडे सापडले तर ते घरी न नेता तलाठ्याला किंवा तहसीलदाराला कळवावे.

मग शिक्षकांनी संग्रह करायचा तरी कशाचा? मी म्हणेन, बंदुकांचा नको, बंदुकांच्या माहितीचा करावा. शंभर पानी वही पुरते. एका बंदुकीला दोन पाने. नळीची लांबी, तोंडाचा व्यास, कळीच्या पट्टीचे चित्र, बुजवलेल्या भोकांच्या जागा, शिक्क्यावर मऊ कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा, कुंद्याचे लाकूड कोणते आणि त्यात ठिगळ कुठे. तिरप्या उजेडातली दोन छायाचित्रे. घरच्यांनी सांगितलेली हकीकत त्यांच्याच शब्दांत, पण वेगळ्या शाईने, म्हणजे पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते ते पुढच्याला कळेल. परवाना असेल तर त्यावरचे वर्णन आणि साल. हे सारे मालकाच्या परवानगीने, त्याच्या घरी, हत्यार मोठ्या माणसाच्या हाती असताना आणि ते रिकामे असल्याची खात्री जाणत्याकडून झाल्यावरच. मुलांनी चित्र काढावे, हात लावू नये. मालकाचे नाव आणि गाव मात्र या वहीत लिहू नका. ते वेगळ्या कागदावर ठेवा, कारण अशी वही चोराच्याही उपयोगी पडते.

तुलनेसाठी खरी हत्यारे पाहायची असतील तर पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय एस. टी.ने दिवसभरात जाऊन येण्याजोगे आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही शस्त्रांचे दालन आहे. तिथे मुलांना घेऊन गेलात तर त्यांना सोन्याने मढवलेल्या तलवारींपुढे फार वेळ उभे करू नका. एखादी साधी बंदूक शोधा, कळीच्या पट्टीकडे बोट दाखवा आणि विचारा, इथे पूर्वी काय बसवलेले होते? भोके मोजायला मुले चटकन शिकतात.